ताई, तुला पटलेला निबंध

ताई, तू ‘पटलं’ म्हणालीस तेव्हा मी हसले होते. तोंड वळवूनसुद्धा नाही, तुझ्यासमोर चांगली मोकळी हसले. शाळेत होते तेव्हापासून मी तुला माझं लिहिलेलं दाखवत आले. तू ‘बरं आहे’ म्हणायचीस, ‘जमलंय’ म्हणायचीस, फारच खूश असलीस तर नुसती मान हलवून कागद परत द्यायचीस. ‘पटलं’ हा शब्द तुझ्या तोंडून मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकला. आणि तो निबंध कशावर होता? तू हृदयाचं ऑपरेशन करून घ्यावंस, यावर.

तू करून घेतलंस. आता महिना होत आला आणि घरात तू नाहीस.

मला कुणी बोल लावत नाही. भेटायला येणारी माणसं आईजवळ बसतात, देवाची इच्छा म्हणतात, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतात, ‘कुमुद, तू केवढी धावपळ केलीस गं बहिणीसाठी.’ मी मान खाली घालते. त्यांना वाटतं मला रडू येतंय. मी कशासाठी धावत होते हे एकट्या तुला ठाऊक आहे, म्हणून तुझ्याशीच बोलते.

आपलं भांडण तसं जुनंच. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि तू आम्हाला मराठी शिकवायचीस. घरी ताई आणि शाळेत बाई, अशी माझी दोन्हीकडून पंचाईत. दारूबंदी तेव्हा नवी होती. तू फळ्यावर विषय लिहिलास, ‘दारूबंदी असावी की नसावी’. आम्ही सगळ्यांनी ‘दारू हे विष आहे’ असं लिहून पान भरलं आणि वह्या तुझ्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तू त्या न तपासताच परत दिल्यास.

‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ तू विचारलंस.

‘सगळेच म्हणतात, बाई.’

‘मग एकेकाला गाठून विचारून या. निदान चौघांना. आणि एकमेकांशी न पटणारे चौघे हवेत मला. चौघेही मान डोलावणारे आणाल तर पुन्हा पाठवीन.’

मग घाटकोपरभर काय गोंधळ उडाला होता तो! एकीचे वडील पोलिसात हवालदार होते, तिनं त्यांना धरलं. दुसरीनं दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. त्या दोघांचं म्हणणं मीही टिपून घेतलं. मी टेकडीमागच्या त्या ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याकडे गेले, ज्याचा पिढीजात धंदा बुडाला होता. चाळीतल्या दोन बायकांकडे गेले. एकीचा नवरा आता पगार सरळ घरी आणत होता, दुसरीचा लपूनछपून हातभट्टीची पिऊन आंधळा व्हायला आला होता. मोठ्या बाईंनी तुला बोलावून घेतलं. ‘आपल्या मुली दारुड्यांच्या घरी जातात म्हणे?’ त्यांनी विचारलं. ‘छे हो,’ तू म्हणालीस, ‘त्यांच्या बायकांच्या घरी जातात.’ हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा आई पोळ्या लाटायची थांबली होती हसून हसून.

माझा निबंध वर्गात सगळ्यांत मोठा झाला होता. तू तो घरी वाचलास, खिडकीशी बसून.

‘कुमे, ही रेशनची रांग आहे,’ तू म्हणालीस. ‘भंडारी असं म्हणतो, हवालदार तसं म्हणतो, अमकी असं म्हणते. एकामागे एक उभे केलेस नुसते. त्यांना एका खोलीत बसव ना. भंडाऱ्याचं ऐकून ती पगारवाली बाई काय म्हणेल? आणि त्या दोघांचं ऐकून डॉक्टर काय म्हणतील? त्यांना बोलू दे एकमेकांशी. आणि तू कुठे आहेस यात?’

‘मी शेवटी आहे ना. म्हणून दारूबंदी असावी, असं लिहिलंय की.’

‘ते तू घरातून निघतानाच ठरवलं होतंस. मग त्या लोकांकडे गेलीस कशाला?’

‘पुरावा आणायला.’

‘म्हणजे तू विचारायला गेली नव्हतीस, घ्यायला गेली होतीस.’

मला राग आला होता. मी म्हटलं, लिहायचं ते समोरच्याला पटवायलाच ना? तू म्हणालीस, आधी स्वतःला कळायला, आणि मग जमलं तर पटवायला. मी म्हटलं, पटलंच नाही तर लिहून काय उपयोग? तू म्हणालीस, तू जिंकायला लिहितेस. मी म्हटलं, हो, जिंकायलाच लिहिते. तिथे ते भांडण थांबलं आणि पुढे कधी संपलंच नाही. मी कॉलेजात गेले, वक्तृत्वाची बक्षिसं आणली, वकिलीच्या वर्गात नाव घातलं, तरी तू अधूनमधून म्हणायचीस, ‘वकील हो, जरूर हो. पण लिहायला बसलीस की जरा वेळ वकील नको होऊस.’

आज वाटतं, ते भांडण संपवायला हवं होतं. तुझ्या बाजूनं संपवलं असतं तरी चाललं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण दोघी बरोबर शाळेत जायचो तेव्हा तो चढ लागायचा. मी बडबडत पुढे असायची, आणि तू मध्येच थांबून म्हणायचीस, ‘थांब थांब, हा मुद्दा कळला नाही. पुन्हा नीट मांड बघू.’ मी रस्त्यात उभी राहून तो मुद्दा पुन्हा मांडायची. मग दहा पावलं गेलं की पुन्हा, ‘आणि याच्या उलट कुणी म्हटलं तर?’ मी पुन्हा उभी. मला वाटायचं, ताईला एवढं साधं कसं कळत नाही! तू दम खात होतीस गं. त्या चढावर मी मुद्दे मांडायला शिकले, आणि तुला श्वास पुरत नव्हता.

लहानपणी तुला सांध्यांचा ताप आला होता आणि त्यात हृदयाची झडप आखडली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे कसं, तर घरातल्या एखाद्या जुन्या फुटक्या भांड्यासारखं. आहे, जपून वापरायचं. तुझं लग्न त्यावरून मोडलं, पायऱ्या त्यावरून मोजून चढायच्या, उपास त्यावरून बंद. पण गेल्या वर्षापासून तू आडवी झोपू शकत नव्हतीस. उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लावायचीस. पाय सुजायचे. एकदा खोकल्याबरोबर रुमालावर लाल दिसलं. तू तो रुमाल धुऊन वाळत घातलास आणि वर्गावर गेलीस.

मग शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी ऑपरेशनचं सांगितलं. छाती उघडून हृदयात बोट घालायचं आणि आखडलेली झडप मोकळी करायची. आईनं ते ऐकलं आणि देवासमोर जाऊन बसली. ‘माझ्या मुलीच्या काळजाला कुणी हात लावायचा नाही,’ एवढंच म्हणाली आणि तेच म्हणत राहिली. आपले घाटकोपरचे डॉक्टरही कचरले. आणि मी? मी पहिल्या क्षणापासून ‘हो’ म्हणत होते. तुझ्यामागे भुणभुण लावली. सकाळी चहाला, दुपारी जेवताना. शेवटी तू वैतागलीस.

‘कुमे, माझ्या कानाशी वाद घालू नकोस. मला धाप लागते ऐकून ऐकून. लिहून दे.’

‘काय लिहून देऊ?’

‘निबंध. ऑपरेशन करावं की करू नये. चौघांना भेट, पुस्तकं बघ, आणि मला वाचायला दे. मी परीक्षक.’

तू हसत होतीस, पण ते थट्टेत म्हणत नव्हतीस. तुझ्या डोळ्यांत मी तेवढं तरी पाहिलं होतं. तुला खरंच ठरवता येत नव्हतं आणि तू तुझ्या धाकट्या बहिणीकडे मदत मागत होतीस, तुला माहीत होतं त्या एकाच रीतीनं. मला मात्र त्यात स्पर्धेचा विषय जाहीर झाल्यासारखं वाटलं. हे सांगताना लाज वाटते. पण तसंच वाटलं.

मी निघाले. आपल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, ‘जपून राहिली तर काही काळ काढील.’ मी विचारलं, किती? ते औषधांच्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, ‘ते मी सांगणार नाही. मला लीलाला लहानपणापासून औषध द्यायची सवय आहे, कुमुद. माझ्या मताला तेवढं वजन देऊ नकोस.’ त्यांनीच मला वाचायला वैद्यकीची दोन इंग्रजी मासिकं दिली. शब्दकोश जवळ घेऊन मी ती वाचली. सर्जन मला इस्पितळाच्या व्हरांड्यात चालता चालता भेटले. ‘आणखी थांबलात तर पुढे आम्हालाही हात घालता येणार नाही,’ ते म्हणाले. तिथल्या नर्सनं अंधेरीच्या एका बाईचा पत्ता दिला, शिवणकाम करणारी, जिचं हेच ऑपरेशन झालं होतं. तिनं मला दार लावून पाठीवरून छातीखाली आलेला वण दाखवला. मग म्हणाली, ‘थांबा, तुम्हाला गंमत दाखवते.’ खाली नळावर गेली, भरलेली बादली उचलली आणि न थांबता जिना चढून वर आली. वर येऊन माझ्याशी बोलत राहिली. मी तिच्या श्वासाकडे बघत होते. तो माझ्याहून शांत होता.

ती बादली बघितली आणि माझा निबंध तिथेच लिहून झाला, ताई. पुढचं सगळं नुसतं कागदावर उतरवणं होतं.

डॉक्टरांनी आणखी एक पत्ता दिला होता, भांडुपचा. ‘यालाही भेट,’ म्हणाले होते. परब नाव त्यांचं, कोकणातले, आधी गिरणीत होते, आता भांडुपच्या एका कारखान्यात. त्यांची बायको त्याच ऑपरेशनात गेली. मला खाट झटकून बसायला दिली, आणि स्वतः उंबऱ्यात बसले. मी विचारलं त्याची उत्तरं त्यांनी मालवणीत दिली, माझ्याकडे न बघता.

‘आपल्या पायान चलत गेली ती. माका म्हणाली, तुमी जेवून घेवा.’ मी उठले तेव्हा म्हणाले, ‘कागदार सही माझी आसा.’

मी नमस्कार करून निघाले. चांगलं झालं, भेट लवकर आटोपली, असं मला वाटलं.

पहिला निबंध मी तुला दिला तो असा सुरू होत होता, की अंधेरीत एक बाई पाण्यानं भरलेली बादली घेऊन जिना चढते. मला तो आरंभ फार आवडला होता. तू सगळा वाचलास. मग तिसऱ्या पानावर बोट ठेवलंस.

‘“काही रुग्ण दगावतातही.” हे काही म्हणजे कोण गं?’

‘म्हणजे असतात ना काही. मासिकातसुद्धा लिहिलंय.’

‘भांडुपला गेली होतीस ना तू? आईला सांगत होतीस. मग तो माणूस कुठाय यात?’

मी बादलीचं पान वर काढलं.

‘बादलीवालीला पान दिलंस आणि त्याला तीन शब्द. हे वाचून मला काय कळलं सांगू? मी ऑपरेशन करून घ्यावं असं कुमीला वाटतं, एवढंच. ते मला आधीच ठाऊक होतं. माझ्या मनात जी भीती आहे ती तुझ्या निबंधात कुठेच नाही, मग मी तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?’

‘ते घातलं तर तू नाही म्हणशील!’

‘तर नाही म्हणेन. मग?’ तू कागद माझ्या हातात दिलेस. ‘पुन्हा लिही.’

आणि मी पुन्हा लिहिला. ताई, इथेच मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही.

परबांना मी अख्खं पान दिलं. त्यांची खाट, त्यांचा उंबरा, तिचं ‘तुमी जेवून घेवा’, आणि ती सही. काही लपवलं नाही. आपल्या डॉक्टरांचं कचरणं त्यांच्या शब्दांत लिहिलं. मासिकातला अपयशाचा भाग पुरता मांडला. मग त्या सगळ्यांना मी खरोखरच एका खोलीत बसवलं, तू शिकवलंस तसं. परबांसमोर अंधेरीची बाई बसली. डॉक्टरांना सर्जननी उत्तर दिलं आणि डॉक्टरांनी त्यांना उलट विचारलं. आणि सगळ्यांचं होऊ दिल्यावर, अगदी हळू, ‘तरीही’ म्हणून मी माझी बाजू आणली. त्या परबांच्या पानावर मी रडले होते, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता मला कळत होतं की हे पान उतरलंय चांगलं. या पानामुळे ताई मानणार.

तू म्हणायचीस, विरुद्ध बाजूच्या माणसाला वाटलं पाहिजे की हिनं माझं ऐकून घेतलंय. मी त्यातून काय शिकले, तर ऐकून घेतल्यासारखं दिसलं की माणसाला पटतं. खरं तेच सगळं लिहिलं मी. एक ओळ खोटी नाही. तरी ते खरं मी जिंकायला वापरलं. दोन्हींत फरक आहे की नाही, हे तुला विचारायचं होतं. तू असतीस तर डोळे बारीक करून म्हणाली असतीस, ‘आहे. पण तो निबंधात दिसत नाही, कुमे.’ की काही वेगळंच म्हणाली असतीस? तुझी उत्तरं मीच बनवायला लागले आता, आणि ती नेमकी मला हवी तशी येतात.

त्या रविवारी दुपारी तू तो वाचलास. फार वेळ लावलास. एकदा मागची पानं उलटून परबांकडे गेलीस आणि पुन्हा पुढे आलीस. मग कागद मांडीवर ठेवून म्हणालीस, ‘पटलं.’

आणि मी हसले.

‘हसू नकोस,’ तू म्हणालीस. ‘पास केलं म्हणून नाही सांगत.’ पण मग तूही हसलीस, माझ्याकडे बघून. मला आजवर आलेल्या सगळ्या बक्षिसांत ते मोठं होतं.

इस्पितळात कागदावर सही तुझी तूच केलीस. मी तिथे उभी होते. ऑपरेशन झालं, सर्जन बाहेर येऊन म्हणाले, झडप फार छान मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तू पुरती शुद्धीवर होतीस. मला जवळ बोलावलंस. मला वाटलं पाणी हवं असेल. तू म्हणालीस, ‘एक उशी काढ गं पाठीची.’ मी काढली. मग म्हणालीस, ‘आणखी एक काढ.’ कितीतरी महिन्यांनी तू पाठ टेकून आडवी झालीस आणि छतावरच्या पंख्याकडे बघत नुसता श्वास घेत राहिलीस. आत, बाहेर. आत, बाहेर. ‘कुमे, असं असतं होय तुम्हा लोकांना!’ तू म्हणालीस. ‘सांगितलं का नाहीस कधी?’

ती संध्याकाळ मी कुणाला देणार नाही. अपराधी वाटण्यातून मला जेव्हा जेव्हा थोडी सुटका मिळते ती त्या संध्याकाळपाशीच मिळते. आणि मग लगेच वाटतं, ही पण माझीच बाजू. एका संध्याकाळचा पुरावा काढून मी स्वतःला सोडवायला बघतेय.

त्यानंतर रक्ताची गुठळी मेंदूत गेली. सर्जन मला समजावून सांगत होते, झडपेत काही दोष राहिला नव्हता, ऑपरेशन अगदी यशस्वी होतं. म्हणजे माझ्या निबंधातलं काही चुकलं नव्हतं, ताई. प्रत्येक विधानाला आधार होता. फक्त तू गेलीस.

शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. मोठ्या बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मुली खाली सतरंजीवर बसल्या होत्या. ज्या मुलीनं कॉलेजात तासभर समोरच्यांना निरुत्तर केलं होतं तिला उठताच येईना. मी हात जोडले आणि बसले. वकिलीच्या वर्गाला त्यानंतर मी गेलेले नाही. प्राध्यापकांनी निरोप पाठवला, मी उत्तर दिलं नाही. तिथे दोन्ही बाजू कशा मांडायच्या ते शिकवतात. मला ते येतं.

लोक समजूत घालतात त्यात तथ्य नाही असं नाही. डॉक्टर परवा येऊन गेले. म्हणाले, ‘ऑपरेशन केलं नसतं तर पुढचं वर्ष फार वाईट गेलं असतं. मी तेव्हा बोललो नाही, ते माझं चुकलं.’ मी म्हटलं, ‘तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी ते निबंधात घातलं असतं.’ ते माझ्याकडे बघत राहिले. मी असं का बोलले मला कळलं नाही. मग ते आईला औषधाची पुडी देऊन गेले.

आईविषयी सांगायचं राहिलं. तू गेल्यापासून आई माझ्याशी बोलते ती मीठ घाल, दूध उतू जातंय, कडी लाव, एवढंच. मी समजून चालले होते की तिनं मला दोषी धरलंय. मी तिच्याजागी असते तर धरलं असतं. ती पहिल्यापासून नको म्हणत होती आणि मी लिहून लिहून तुला नेलं. तिच्यासमोर बसायला मला धीर व्हायचा नाही. तिच्या पानात वाढून मी आतल्या खोलीत जाऊन जेवायची.

काल दुपारी ती मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी कपडे काढायला गेले तर म्हणाली, ‘बस.’

मी बसले.

‘तू लिलीला काय लिहून दिलं होतंस ते मी वाचलं नाही,’ आई म्हणाली. ‘पण तू जेवत नाहीस नीट, ते बघते मी. तुला वाटतं ती तुझ्या लिहिण्यानं गेली.’

मी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

‘तुझं वाचून झाल्यावर ती माझ्याकडे आली होती. तू बाजारात गेली होतीस. म्हणाली, आई, कुमीनं चांगलं लिहिलंय, पण ते बरोबर आहे की नाही मला कळत नाही. मला रोज भीती वाटते. रोज थोडी थोडी वाटते, जिना चढताना, झोपताना. त्यापेक्षा एकदाच काय ती वाटू दे. पण तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही.’

आईचे हात सुपात थांबले होते.

‘मग?’ मी विचारलं.

‘मी जा म्हणाले.’ ती तांदळाकडेच बघत होती. ‘इतके दिवस नको नको म्हणत होते, आणि तिनं समोर बसून विचारलं तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून नको म्हणवेना. तू चार पानं लिहिलीस, कुमे. मी एक शब्द बोलले. मी नाही म्हटलं असतं तर ती गेली नसती.’

ताई, माझ्याजवळ उत्तर तयार होतं. आई, तुझा काय दोष, डॉक्टर असं म्हणाले, सर्जन तसं म्हणाले, झडप मोकळी झाली होती, गुठळी कुणाच्या हातात नसते. एकेक मुद्दा आपोआप जागेवर येऊन बसला. तोंडसुद्धा उघडलं मी. आणि लक्षात आलं की हे सगळं गेला महिनाभर लोक मला सांगतायत आणि त्यातलं एकही माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मग ते आईपर्यंत कसं पोचावं?

आणि दुसरंही लक्षात आलं. मी अंधेरीला गेले, भांडुपला गेले, इंग्रजी मासिकं वाचली. आईला मात्र मी काही विचारलंच नव्हतं. निबंधात तिला एका वाक्यात उरकलं होतं, ‘घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध हा मायेपोटी असतो.’ तूही त्या वाक्याखाली रेघ मारली नव्हतीस. आपल्या दोघींनाही ते पुरेसं वाटलं होतं.

मी तोंड मिटलं. आईच्या जवळ सरकून बसले.

‘आई, तू आधी नको का म्हणत होतीस?’

तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. मी काही वाद काढतेय का, असं तिला वाटलं असावं. मग तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. लहानपणी तुला तो ताप आला होता तिथपासून तिनं सुरुवात केली. तेव्हा तिला कुणी काय सांगितलं, तिनं काय करायचं टाळलं, कुणाचं ऐकलं आणि कुणाचं ऐकायला हवं होतं, असं सगळं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मध्येच थांबायची, पदरानं नाक पुसायची, आणि पुन्हा सुरू करायची. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं, तांदूळ तसेच राहिले. मी तिला एकदाही थांबवलं नाही.